मवाळ मद्याचा मुलूख

मिलान आणि व्हेनिस यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरून अहोरात्र धावणाऱ्या वाहनांतील उतारूंना ज्या टेकडीवरचा तटबंदीचा किल्ला क्षणभर दिसतो आणि पुढल्या वळणाला दिसेनासा होतो, त्या टेकडीच्या पायथ्याशी सोआवे नावाचे, सात हजारांच्या आसपास वस्तीचे एक गाव आहे. व्हेरोनापासून ते पूर्वेस वीस-बावीस किलोमीटर. चौदाव्या शतकात व्हेरोनावर अंमल गाजविणाऱ्या स्कालिजेर घराण्याने गावाभोवती घातलेला कोट आणि त्याचे चोवीस बुरूज अद्याप उभे आहेत. आणि या कोटाच्या ज्या उतरणीवर पूर्वी पहारेकऱ्यांची नजर खिळलेली असे, तिथे आज द्राक्षवेली थेट तटाच्या दगडाला जाऊन भिडल्या आहेत.

या अंकासाठी संपादकांनी 'सोबत' हा विषय मुक्रर केला आणि लेखकांना आपापली वाट धरण्याची मुभा दिली, तेव्हा माणसांच्या सोबतीवर लिहिणारे पुष्कळ निघतील असा तर्क करून मी पदार्थांच्या सोबतीकडे वळलो. गतवर्षीच्या शरदऋतूत, द्राक्षांची खुडणी ऐन भरात असताना, या गावाचे नाव धारण करणारी शुभ्र वाइन जिथे पिकते तिथे गेलो. इटलीत याहून कीर्तिमान मद्ये पुष्कळ आहेत. परंतु कीर्तिमान मद्ये बहुधा एकटीच बोलतात, आणि ताटात काय वाढले आहे याची त्यांना फारशी फिकीर नसते. सोआवे त्या पंथातली नव्हे. आपल्याकडच्या जुन्या राजकारणाच्या भाषेत सांगायचे तर ती मवाळ पक्षाची आहे; आणि मवाळांना जे भोगावे लागते, म्हणजे सौजन्य हेच दौर्बल्य समजले जाणे, ते तिच्याही वाट्याला आलेले आहे.

किल्ल्याच्या बुरुजावरून पाहिले की दोन निरनिराळे प्रदेश एकाच नावाखाली नांदत असल्याचे नजरेस येते. उत्तरेस व पूर्वेस, शेजारच्या मोंतेफोर्ते द'आल्पोने गावच्या उंच घंटाघरापर्यंत, टेकड्यांची रांग पसरली आहे. तो जुना, अस्सल मुलूख. दक्षिणेस सपाट, सकस, भरघोस पिकणारे मैदान आहे, आणि तेही सोआवेच. या वाइनच्या भाग्याचा आणि दुर्भाग्याचा बहुतेक सारा मजकूर या दोहोंमधल्या रेषेत सामावलेला आहे.

काळ्या पत्थरावरचा मांडव

टेकडीच्या वाटेने चढू लागले की पायाखालची माती काळपट होते आणि बांधावर रचलेले दगड तर आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला थबकायला लावतील इतके ओळखीचे वाटतात. तो खरोखरच बसाल्ट आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा प्रदेश समुद्राखाली असताना तळाशी ज्वालामुखींचे उद्रेक झाले, त्यांचा थिजलेला रस या टेकड्यांच्या पोटात आहे. सगळीकडे मात्र तो नाही. गावाच्या लगतच्या, किल्ल्याच्या बाजूच्या उतारांवर चुनखडीची फिकट माती लागते, आणि बागाईतदार या दोन मातींच्या वाइनी चवीवरून वेगळ्या ओळखतात: चुनखडीवरची अंगाने भरलेली व लवकर मोकळी होणारी, काळ्या मातीवरची काटक, किंचित खारट, आणि बोलती व्हायला वेळ घेणारी.

वेल गार्गानेगा जातीची. कायद्याने या वाइनमध्ये निदान 70 टक्के गार्गानेगा असावीच लागते. उरलेल्या भागात त्रेब्बियानो दि सोआवे ही दुसरी स्थानिक जात किंवा शार्दोने चालते. गार्गानेगाची प्रकृती सावकाश आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून खुडणी सुरू होते आणि उंचावरच्या बागांत ऑक्टोबर बराच उलटेपर्यंत चालते. घड लांबट व सुटसुटीत असतो, मण्यांची साल जाड असते, आणि उन्हाकडचे मणी पिकताना पिवळ्यावरून तांबूस सोनेरी होतात.

मोंतेफोर्तेच्या बाजूच्या एका बागेत खुडणी चालली होती तिथे मी पोहोचलो तेव्हा माणसे दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते. कारण इथे वेल तारेच्या कुंपणासारखी उभी न वाढविता डोक्यावरच्या मांडवावर चढविण्याची वहिवाट आहे, आणि मजूर त्या हिरव्या छताखाली हात वर करून कात्री चालवीत होते. जुन्या बागांतला हा मांडव एका बाजूस तिरपा उचललेला असतो. नव्या बागांत यंत्राला सोयीची तारेची रांग आली आहे, पण डोंगरउतारावर मांडव टिकून आहे, आणि तो केवळ सवयीने टिकलेला नाही. बागेचे वृद्ध मालक, ज्यांच्या बोटांना द्राक्षरसाने काळसर चिकटा धरला होता, त्यांनी एक काडी वाकवून मला दाखविली आणि म्हणाले, "हे बुंध्यालगतचे डोळे पाहा. हे पान देतील, घड देणार नाहीत. आखूड छाटलीत तर वर्षभर पानेच मोजीत बसाल." गार्गानेगाचे फळ काडीच्या दूरच्या डोळ्यांवर धरते; म्हणून काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडीला पसरायला मांडवासारखी जागा नाही. शिवाय पानांचे छत उन्हाचा चटका अडविते आणि गारपिटीचा पहिला मारा स्वतःवर घेते. 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सोआवेच्या या पारंपरिक बागांना जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाच्या यादीत स्थान दिले. मालकांना ते ठाऊक होते, पण त्याहून अधिक उत्सुकता त्यांना त्या दिवशीच्या ढगांविषयी होती.

हद्दीचे कज्जे

इथले बागाईतदार कुटुंबांच्या हिशेबाने सुमारे 3,000 असतील, आणि त्यांतले बहुसंख्य स्वतः वाइन बाटलीत भरीत नाहीत. ते द्राक्षे नेऊन सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावर घालतात. सोआवेची थोरली सहकारी संस्था 1898 सालची आहे. खुडणीच्या दिवसांत तिच्यासारख्या संस्थांच्या फाटकापाशी ट्रॅक्टरांची रांग लागते. द्राक्षांचे वजन होते, एक नळी ट्रॉलीत खुपसून रसाचा नमुना काढला जातो, त्यातली साखर मोजली जाते, आणि त्या दोन आकड्यांवर शेतकऱ्याचा मोबदला ठरतो. ही व्यवस्था न्यायाची आहे, आणि तिने लहान खातेदाराला जमिनीवर टिकवून धरले, हे नाकारता येत नाही. पण वजन हे काट्यावर दिसते आणि चव दिसत नाही, ही तिची मर्यादाही तितकीच खरी.

1931 साली सरकारने सोआवेची अस्सल हद्द आखून दिली तेव्हा ती टेकड्यांपुरतीच होती. पुढे 1968 साली नियंत्रित नामाभिधानाची सनद मिळाली आणि त्या वेळी हद्द उतरून मैदानात शिरली. जुन्या टेकड्यांना 'क्लासिको' हा किताब देऊन त्यांचे समाधान करण्यात आले. साध्या सोआवेला हेक्टरी 15 टन द्राक्षे काढण्याची परवानगी आहे. सपाट, ओलिताच्या जमिनीवर तेवढी काढणे अवघड नाही. पण वेलीने इतका भार वाहिला की प्रत्येक मण्याच्या वाट्याला रसाऐवजी पाणी अधिक येते. नेमक्या त्याच काळात अमेरिकेतील उपाहारगृहांत इटालियन जेवणाची हौस पसरत होती, बोल्ला यांसारख्या मोठ्या व्यापारी घराण्यांनी सोआवे तिथे घरोघर पोहोचविली, आणि खप इतका वाढला की नावाला किंमत उरली नाही. एका पिढीच्या मनात सोआवे म्हणजे थंडगार, स्वस्त, नाव घ्यावे असे काही नसलेले पेय, हे समीकरण बसले ते कायमचे.

या घसरणीच्या ऐन भरात उलट दिशेने चालू लागलेली माणसे थोडी होती. पिएरोपान घराण्याने 1971 साली काल्व्हारिनो या एकाच टेकडीवरच्या द्राक्षांची वाइन वेगळी काढून तिच्यावर त्या बागेचे नाव घातले. सोआवेमध्ये असे पूर्वी कोणी केले नव्हते. रोबेर्तो आन्सेल्मी या उत्पादकाने तर 2000 साली जाहीर पत्र लिहून सोआवे हे नावच टाकून दिले आणि त्याच टेकड्यांवरची आपली वाइन व्यापक प्रादेशिक नावाखाली विकण्यास आरंभ केला. आपल्या गावाचे नाव बाटलीवर लावणे ज्याला कमीपणाचे वाटू लागते त्याची चीड किती खोल असेल, याची कल्पना केलेली बरी. 2001 साली सरकारने 'सुपेरिओरे' ही वरची श्रेणी निर्माण केली, तिला उत्पन्नाची मर्यादा हेक्टरी 10 टन घातली. तरी अनेक नामवंतांनी तो शिक्का घेण्याचे टाळले, कारण त्यांच्या मते प्रश्न श्रेणीचा नसून जमिनीचा होता. अखेर 2019 साली 33 टेकड्या-शिवारांची नावे अधिकृत दफ्तरात नोंदली गेली आणि बाटलीवर छापण्यास मान्यता मिळाली. मला यात शहाणपण दिसते, पण ते पन्नास वर्षे उशिरा सुचलेले आहे.

माळ्यावरची द्राक्षे

या प्रदेशाची प्राचीन कीर्ती मात्र ज्या वाइनची आहे ती कोरडी नव्हे, गोड आहे. सहाव्या शतकात इटलीवर गॉथ राजांचे राज्य असताना त्यांचा कारभारी कासिओदोरुस याने राजाच्या मुदपाकखान्यासाठी व्हेरोनाच्या मुलखातून एका खास वाइनचा पुरवठा करण्याविषयी महसुली अधिकाऱ्यास धाडलेला खलिता उपलब्ध आहे. रुक्ष सरकारी तगादा म्हणून त्याची सुरुवात होते आणि मग कारभाऱ्यातला रसिक जागा होऊन शरदात निवडलेले घड उलटे टांगून ठेवण्याची, थंडीत ते गाळण्याची आणि त्यांच्या रसाच्या शुभ्रतेची वर्णने करू लागतो. आजच्या रेचोतो दि सोआवेची कृती या वर्णनापासून फार दूर गेलेली नाही.

एका घराच्या माळ्यावर ती पाहावयास मिळाली. अरुंद जिना चढून गेले की दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या आणि मधल्या जागेत लाकडी चौकटींवर वेताच्या काड्यांच्या फळ्या एकीवर एक चढविलेल्या. त्यांवर निवडक घड एकमेकांस स्पर्श होणार नाही अशा बेताने निजविलेले. काही घड छतापासून सोडलेल्या दोऱ्यांना बांधून टांगले होते. या फळ्या मुळात रेशमाच्या किड्यांसाठी होत्या. व्हेनेतो प्रांतात शेतकऱ्याच्या घरी वसंतात त्यांवर तुतीची पाने आणि अळ्या असत, शरदात द्राक्षे. रेशमाचा धंदा बसला, फळ्या राहिल्या. तासगावच्या बाजूला ज्याने बेदाण्याची शेड पाहिली असेल त्याला हे सारे ओळखीचे वाटेल, फक्त तिथे उष्ण कोरडा वारा पंधरा दिवसांत जे काम उरकतो ते इथे थंड दमट हिवाळा चार-पाच महिने पुरवितो. या अवधीत घडाचे वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते, काही मण्यांवर बुरशी धरते आणि ती योग्य प्रमाणात असली तर रसाला मधाची व वाळलेल्या जर्दाळूची झाक देते, अयोग्य प्रमाणात असली तर माळ्यावरचा सगळा माल फेकून द्यावा लागतो. म्हणून घरातले कोणी ना कोणी दर दोन दिवसांनी वर जाऊन एकेक घड उलटवून बघते. गाळप साधारण फेब्रुवारीत होते. रस इतका दाट असतो की किण्व अर्ध्या वाटेतच दमते, आणि जी साखर उरते तिच्यामुळे ही वाइन गोड राहते. 1998 साली व्हेनेतो प्रांतातला सर्वोच्च नामाभिधानाचा पहिला मान मिळाला तो या रेचोतोला, कोरड्या सोआवेला नव्हे.

नाताळात व्हेरोनाच्या घरोघरी पांदोरो हा ताऱ्याच्या आकाराचा, लोण्याने मऊ झालेला उंच केक कापतात, ज्याचे पेटंट मेलेगात्ती या हलवायाने 1894 साली घेतले होते. त्याच्याबरोबर रेचोतोचा लहानसा पेला असतो. गोड पदार्थाबरोबर त्याहून कमी गोड वाइन दिली तर ती आंबट आणि केविलवाणी लागते, हा नियम तिथल्या आज्यांना कोणी शिकविलेला नसतो.

पानातली जागा

आता कोरड्या सोआवेची चव सांगितली पाहिजे, आणि इथेच लेखणी अडखळते, कारण तिच्यात सांगण्यासारखे ठळक काही नसते. पांढऱ्या फुलांचा मंद वास, पिकत आलेल्या नाशपातीची आठवण, बेताची आम्लता, आणि घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मागे उरणारी कडू बदामाची पुसट रेघ. ही शेवटची रेघ महत्त्वाची. ती नसती तर सोआवे नुसती गुळमट झाली असती. ती आहे म्हणून घोटाला शेवट आहे, आणि पुढच्या घासाची ओढ आहे.

मैदानात दक्षिणेस इसोला देल्ला स्काला नावाचा गाव आहे. तिथे जमिनीतून आपोआप उमळणाऱ्या झऱ्यांच्या पाण्यावर व्हियालोने नानो जातीचा तांदूळ पिकतो, ज्याला 1996 पासून भौगोलिक संरक्षण आहे. दाणा आखूड, गोलसर. शिजताना स्टार्च सोडून रश्श्याला दाटपणा आणतो, पण आतून कणखर राहतो. या तांदळाचा व्हेनेतोत सर्वांत प्रतिष्ठित पदार्थ म्हणजे रीझी ए बीझी, म्हणजे भात आणि कोवळा मटार. 25 एप्रिलला, संत मार्कच्या सणाच्या दिवशी, व्हेनिसच्या दोजेसमोर, म्हणजे राज्यप्रमुखासमोर, तो ठेवण्याचा शिरस्ता होता. मटाराच्या सालीही वाया जात नाहीत. त्या उकळून त्यांच्या हिरव्या पाण्यातच तांदूळ शिजवितात, शेवटी लोणी आणि किसलेले चीज घालतात, आणि पदार्थ इतका सैल ठेवतात की चमच्याने खावा. कोवळ्या मटाराची गोडी अत्यंत नाजूक असते. लाकडी पिंपात मुरविलेली दणकट वाइन तिला चिरडते, लिंबासारखी तीक्ष्ण वाइन तिला ओरबाडते. सोआवे तिच्या शेजारी बसते आणि लोण्याचा थर तेवढा जिभेवरून उतरविते.

याच ऋतूत बास्सानोचा पांढरा शतावरी-कोंभ बाजारात येतो. माती चढवून अंधारात वाढविल्यामुळे तो हिरवा होत नाही. उकडलेले कोंभ आणि उकडलेली अंडी ताटात येतात. जेवणाराने स्वतः काट्याने अंडी कुस्करून त्यांत तेल, शिर्का, मीठ, मिरपूड कालवायची आणि त्यात कोंभ बुडवून खायचा. मद्यपारखी लोक या कोंभाला वाइनचा वैरी समजतात. त्याच्यातील गंधकयुक्त द्रव्ये बहुतेक वाइनींना धातूची वा कोबीची चव आणतात. अंड्याचा बलक जिभेवर लेप चढवितो. आणि वर शिर्का. तीन शत्रू एका ताटात. इथे उपयोगी पडते ती वाइन अशी हवी की जिच्यात बिघडण्यासारखे फुलोऱ्याचे अत्तर नाही, लाकडाचा कडवटपणा नाही, पण कणा आहे. बसाल्टवरची कोवळी सोआवे ही परीक्षा उत्तीर्ण होते. मैदानातली पातळ सोआवे शिर्क्यापुढे पाणी होऊन जाते. टेकडी आणि मैदान यांतला भेद मला बुरुजावरून दिसला होता खरा, पण तो पटतो तो असा ताटावर.

व्हेनिसचे खलाशी समुद्रावर टिकावे म्हणून सार्डिन तळून कांदा, शिर्का, मनुका आणि चिलगोजे यांत मुरवीत. सार्दे इन साओर हा तो पदार्थ एक-दोन दिवस ठेवूनच खातात. आंबटगोड पदार्थाशी वाइन जुळविणे कठीण, कारण ताटातली आम्लता पेल्यातल्या आम्लतेला निस्तेज करते. इथे फळाने भरलेली, जरा प्रौढ क्लासिको लागते. गार्दा सरोवरातला कोरेगोने हा मासा साधा भाजून, वर तेलाची धार सोडून वाढतात, त्याला कोणतीही चांगली सोआवे चालते. लेस्सिनीच्या कुरणांतले मोंते व्हेरोनेसे चीज कोवळे असताना उत्तम, आणि जुने, खरखरीत झाले की तिच्या हाताबाहेर. व्हेरोनात घोड्याच्या मांसाचा काळपट रस्सा तासन्‌तास शिजवितात, त्याच्यासमोर सोआवे ठेवणे म्हणजे तिची फजिती करणे आहे. त्याला शेजारच्या व्हाल्पोलिचेल्लाची लाल वाइनच हवी. आपल्या तिखटाशीही तिचे जमत नाही, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढविते आणि बदामाची ती रेघ त्या आगीत कुठल्या कुठे जाते. पेला मात्र बर्फासारखा गार नको. दहा-बारा अंशांवर ती बोलते. त्याखाली नुसता गारवा उरतो, आणि निकृष्ट सोआवे विकणाऱ्यांना तेच सोयीचे असते.

व्हिचेन्झाच्या पंगतीत

सोआवेची पूर्व सरहद्द ओलांडली की व्हिचेन्झाचा प्रांत लागतो, आणि त्या प्रांताचे आराध्य दैवत म्हणजे बाकाला, वाळविलेल्या कॉड माशाचा पदार्थ. 1431 साली पिएत्रो क्वेरीनी हा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून माल्व्हाझिया वाइन आणि मसाले भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळाने जहाज भरकटले, 68 जणांपैकी थोडेसेच 1432 च्या जानेवारीत नॉर्वेच्या लोफोतेन बेटांपैकी रोस्त बेटाजवळ किनाऱ्याला लागले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना जगविले ते मिठाशिवाय थंड वाऱ्यावर लाकडासारख्या वाळविलेल्या कॉड माशावर. परत येताना क्वेरीनीने तो मासा आणला, आणि व्हेनेतोत त्याची गोडी लागली ती तेव्हापासून, असे तिथले लोक मानतात.

या माशाला आधी मोगरीने बडवावे लागते, मग दोन-तीन दिवस वारंवार बदललेल्या पाण्यात भिजवावे लागते. काटे काढून, पीठ लावून, तेलात मंद परतलेला कांदा आणि खारवलेल्या अँचोव्ही यांच्या थरांत तो मातीच्या भांड्यात रचतात; वर दूध, किसलेले चीज आणि सारे बुडेल एवढे ऑलिव्हचे तेल. मग चारसाडेचार तास अतिमंद आचेवर. ढवळायचे नाही; फक्त भांडे अधूनमधून हलवायचे. शिजल्यावर दिवसभर तसाच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाच्या घाटलेल्या उकडीबरोबर, म्हणजे पोलेंताबरोबर, वाढतात. 1987 पासून सांद्रिगो गावात या पदार्थाच्या कृतीचे रक्षण करणारे एक मंडळच आहे.

व्हिचेन्झाजवळच्या ज्या खानावळीत मी तो खाल्ला, तिथल्या मालकांपुढे मी सोआवेचे नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर शेजारच्या गावचा जावई घरी आल्यासारखा औपचारिक आदर उमटला. बाकालाला ब्रेगान्झेची व्हेस्पायोलो हीच खरी, असे त्यांनी ठामपणे सांगितले. तिची आम्लता सुरीसारखी आहे आणि इतक्या तेलादुधाला तीच कापू शकते. मुद्दा बिनतोड होता. तरीही त्यांनी भीड म्हणून मोंतेफोर्तेच्या टेकडीवरची, पाच-सहा वर्षांची एक सोआवे आणवून व्हेस्पायोलोशेजारी ठेवली. व्हेस्पायोलोने प्रत्येक घासानंतर तोंड लख्ख केले, जणू आधी काही खाल्लेच नव्हते. सोआवेने तसे केले नाही, तिने दुधात विरघळलेल्या कांद्याची गोडी तशीच राहू दिली आणि तिच्याखाली बदामाची कडवट रेघ ओढली. मला दुसरी रीत अधिक रुचली, हे मी मालकांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. ते शेजारच्या टेबलावरील दोन म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना निवाड्यासाठी घेऊन आले. दोघांनी दोन्ही पेले चाखले, पण तोवर त्यांचे लक्ष माझ्या ताटातल्या पोलेंताकडे गेले होते. ती पिवळी होती. एकाचे म्हणणे पडले की बाकालाला पिवळीच. दुसऱ्याची आई व्हेनिसच्या बाजूची, तिच्या घरी माशाला नेहमी पांढऱ्या मक्याची पोलेंता असे. वाइनचा निकाल बाजूस राहिला, आणि मी हिशेब चुकता करून निघालो तेव्हाही पांढऱ्या-पिवळ्याचा तो कज्जा चालूच होता, दोन्ही बाटल्या मात्र रिकाम्या झाल्या होत्या.